पेपर पाठवण्याआधी हितसंबंध लिहून काढा: पहिल्यांदा जर्नलला पेपर देणाऱ्यांसाठी

ऑनलाइन पेपर सबमिट करताना नाव, कॉलेज, फाइल, फिगर सगळं अपलोड झालं की शेवटी शेवटी एक प्रश्न येतो, तुमचे काही हितसंबंध आहेत का, म्हणजे तेच ते कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट, आणि आपल्याकडची बहुतेक पोरं दोन सेकंदात 'नाही' वर टिक मारून पुढे जातात. मीही तेच केलं होतं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांमधून आता बरीच मुलंमुली पहिला पेपर लिहायला घेताहेत, घरात आधी कोणी पेपर लिहिलेला नसतो, विचारायचं कोणाला हेच कळत नाही, म्हणून मला जे उशिरा समजलं ते क्रमाने लिहिते. लांब झालंय, पण पेपर पाठवायच्या आठवडाभर आधी वाचा, पाठवल्यावर नको.

सगळ्यात आधी: एक कोरा कागद घ्या

पेपर लिहायला बसायच्याही आधीचं काम आहे हे. कागदावर लिहा की या संशोधनासाठी मला कोणी काय दिलं, आणि या संशोधनाचा रिझल्ट असा आला तर कोणाचा फायदा, तसा आला तर कोणाचा तोटा. पैसे दिले असतील तर पैसे, फुकट औषधाच्या बाटल्या दिल्या असतील तर बाटल्या, सेमिनारला जायचं तिकीट, मानधन, कंपनीचे शेअर, पेटंट, सगळं. मग नातेवाईक. नवरा, बायको, भाऊ, मामा, सासरे, यांच्यापैकी कोणाचा त्या धंद्याशी संबंध आहे का. मग तुमचं स्वतःचं, म्हणजे तुम्ही कुठल्या संघटनेत आहात का, त्याच विषयावर एखाद्या माणसाशी तुमचं जुनं भांडण आहे का. वैद्यकीय जर्नलच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई म्हणतात तिला, तिच्या फॉर्ममध्ये बऱ्याच गोष्टी मागच्या 36 महिन्यांच्या विचारतात, म्हणजे तीन वर्षं. तुमचं जर्नल शेतीचं असो की कॉमर्सचं, एवढा हिशोब धरून चाला.

माझं काय झालं ते सांगते. कांदेबागाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीवर सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी, एवढाच साधा प्रयोग होता. निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, किती दिवसांनी झाली, घडाचं वजन किती भरलं, फण्या किती, हे मोजायचं. फवारणीचं औषध एका कंपनीच्या माणसाने फुकट दिलं होतं, आणि ते ज्याच्या ओळखीने मिळालं तो माझा सख्खा मामा, त्याचं कृषी सेवा केंद्र आहे आणि तो तेच औषध विकतो. यातलं काहीच मी लिहिलं नाही, खरंतर लपवायचं म्हणून नाही, मला ते लिहायची गोष्टच वाटली नाही, मामा तर मामा असतो ना. पण आभारामध्ये मात्र मी मामाचं नाव दुकानासकट मोठ्या प्रेमाने लिहिलं होतं. रिव्ह्यूअरने, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाने, तिथेच बोट ठेवलं. औषध कोणी दिलं, विकत घेतलं असेल तर बिल आहे का, आभारातल्या दुकानदाराशी लेखिकेचं नातं काय, असे सरळ तीन प्रश्न आले. त्या रात्री मला झोप लागली नाही. वाटलं संपलं सगळं, आता ब्लॅकलिस्ट करतील.

दुसऱ्या दिवशी मामाला विचारलं, असं असं लिहावं लागेल, तुझं दुकान छापून येईल, चालेल का. तो म्हणाला, "लिख ना मग, यामा दपाडासारखं काय शे?" आणि खरंच काय होतं लपवण्यासारखं? मी संपादकांना मेल केला, सगळं जसं होतं तसं लिहिलं, त्यांनी निवेदन बदलून घेतलं, प्रयोगाची आखणी आणि मोजमाप कोणी केलं ते स्पष्ट करायला सांगितलं आणि चार महिने उशिराने का होईना पण पेपर छापला. हितसंबंध असणं हा गुन्हा नाहीये हे मला त्या चार महिन्यांत कळलं. वाचणाऱ्याला ते माहीत नसणं हा प्रॉब्लेम आहे, कारण मग तो आकडे कोणत्या नजरेने वाचायचे हे ठरवू शकत नाही.

निवेदन कसं लिहायचं

बरेच जण इथे अडकतात. 'लेखकांचे कोणतेही हितसंबंध नाहीत' हे वाक्य कुठूनतरी कॉपी केलेलं असतं. खरोखर नसतील तर तेच लिहा, काही हरकत नाही. असतील तर गोल गोल लिहू नका. माझं शेवटी जे छापलं गेलं ते साधारण असं होतं: 'या प्रयोगासाठी लागलेलं फवारणीचं द्रावण उत्पादक कंपनीने विनामूल्य पुरवलं. पहिल्या लेखिकेचे मामा या उत्पादनाचे किरकोळ विक्रेते आहेत. प्रयोगाची आखणी, नोंदी, विश्लेषण आणि लेखन यांत कंपनीचा किंवा विक्रेत्याचा सहभाग नव्हता.' छापताना कंपनीचं नाव लिहावंच लागतं. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, पण ते खरं असेल तरच. कंपनीच्या माणसाने शेतातल्या प्लॉटचे तक्ते बघून 'हा प्लॉट काढून टाका ना मॅडम' म्हटलं असेल आणि तुम्ही काढला असेल, तर ते वाक्य लिहिता येत नाही, आणि तो प्लॉट परत टाकावा लागतो.

निधीचं निवेदन वेगळं असतं हे पण लक्षात ठेवा. फेलोशिप, विद्यापीठाची सीड मनी म्हणजे सुरुवातीला मिळणारे पैसे, कुठली स्कीम असेल तर तिचा मंजुरी क्रमांक, हे निधीत जातं. दोन्हीची सरमिसळ करू नका.

कोणी म्हणेल एवढ्याशा पेपरला कशाला एवढं. तर बघा, 1967 साली अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांचा एक मोठा आढावा आला होता, हृदयरोगात साखरेपेक्षा चरबीचाच दोष जास्त असा त्याचा रोख. त्याच्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने तेव्हाचे साधारण 6,500 डॉलर दिले होते, आणि लेखाचा मसुदाही त्यांनी आधी बघितला होता. हे बाहेर कधी आलं, तर 2016 मध्ये, जुनी पत्रं सापडल्यावर, जवळजवळ पन्नास वर्षांनी. तेव्हा सांगायचा नियमच नव्हता, त्या जर्नलने लेखकांकडून हितसंबंध मागायला सुरुवात केली ती 1984 मध्ये. दुसरं उदाहरण 1998 चं, लॅन्सेट जर्नलमधला वेकफील्ड यांचा पेपर, फक्त 12 मुलांवरचा, ज्याने गोवराच्या एमएमआर लसीचा आणि ऑटिझमचा संबंध सुचवला. लस कंपन्यांवर दावा लावणाऱ्या वकिलाकडून त्यांना पैसे मिळत होते आणि ते सांगितलेलं नव्हतं. पेपर मागे घेतला गेला 2010 मध्ये. मधल्या बारा वर्षांत ब्रिटनमध्ये लसीकरण घसरलं आणि गोवर परत आला, पोरांना झाला. आपला पेपर छोटा असतो हे खरं, पण रावेर-यावलकडचा शेतकरी एकरी खर्च करतो तो असल्याच कुठल्यातरी पेपरवरून कोणीतरी दिलेल्या सल्ल्याने.

दुसरं काम: लेखक कोण हे सुरुवातीलाच ठरवा

हा विषय सगळ्यात अवघड आहे कारण इथे समोर आपलेच सर असतात. आपल्याकडे पेपरवर गाईडचं नाव असतं, ते काम करत असतील तर असायलाच पाहिजे, पण कधी विभागप्रमुखांचं, कधी प्राचार्यांचं, कधी मित्राचं कारण त्याला प्रमोशनला एक पेपर कमी पडतोय, अशी नावं वाढत जातात. हे चुकीचं आहे, आणि गोड बोलून चालवून घेतलेलं असलं तरी चुकीचंच.

आयसीएमजेईचे लेखकपणाचे चार निकष आहेत आणि चारही पूर्ण व्हावे लागतात. एक, कामाची कल्पना, आखणी, डेटा गोळा करणं, विश्लेषण किंवा अर्थ लावणं यात ठोस वाटा. दोन, मसुदा लिहिणं किंवा त्यात विचारपूर्वक सुधारणा करणं. तीन, छापायच्या शेवटच्या प्रतीला मान्यता. चार, उद्या कोणी शंका काढली तर उत्तर द्यायची जबाबदारी. लॅब वापरू दिली, सही दिली, फंड मिळवून दिला, एवढ्याने कोणी लेखक होत नाही, त्यांची जागा आभारात. आणि उलटंही आहे बरं का, ज्याने खरंच काम केलं त्याचं नाव गाळणं हेही तितकंच वाईट. एमएस्सीची मुलगी उन्हात, आपल्याकडचं ते 45 डिग्रीचं ऊन, दीड महिना रोज पानं मोजत असेल, डेटा तिने लावला असेल, तर तिला मसुदा दाखवा, तिला सुधारणा करायची संधी द्या, मग ती चारही निकषांत बसते. संधीच द्यायची नाही आणि मग म्हणायचं ती निकषात बसत नाही, असं करू नका.

सरांना कसं सांगायचं? मी मुलांना एवढंच सांगते की तोंडावर नकार द्यायची वेळ येईपर्यंत थांबू नका. काम सुरू होतानाच एक पान घेऊन जा, म्हणा की सर, जर्नल आता प्रत्येकाने काय काम केलं ते लिहून मागतं, तर आपण आत्ताच भरून ठेवू या का. हे खोटं नाहीये, बऱ्याच जर्नलमध्ये क्रेडिट नावाची 14 कामांची यादी असते, संकल्पना, डेटा, सॉफ्टवेअर, देखरेख वगैरे, आणि प्रत्येक नावापुढे काम लिहावं लागतं. नावापुढे लिहायला काही नसलं की बरेच जण स्वतःच म्हणतात राहू दे, मला आभारात ठेव. सगळे म्हणत नाहीत. जे म्हणत नाहीत त्यांच्याशी एकट्याने भांडायला जाऊ नका, विद्यापीठाच्या रिसर्च सेक्शनला किंवा कॉलेजच्या संशोधन समितीला नियम लेखी विचारा, मेल करून विचारा, म्हणजे तुमच्या हातात कागद राहतो.

चॅटजीपीटीसारखी साधनं लेखक होऊ शकत नाहीत, कारण जबाबदारी घेता येत नाही. इंग्रजी सुधारायला वापरलं असेल तर तसं स्पष्ट लिहा, आणि त्याने दिलेले संदर्भ एकेक उघडून बघा, नसलेले पेपरही ते छान नावानिशी देतं.

जर्नल निवडताना

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मेसेज येतो, 'तीन दिवसात पब्लिश, सर्टिफिकेट सोबत, फक्त पंधराशे रुपये'. तीन दिवसात कोणी रिव्ह्यू करत नाही भाऊ. दोन तज्ज्ञ तुमचा पेपर वाचतील, शंका काढतील, तुम्ही उत्तर द्याल, याला महिने लागतात. असल्या ठिकाणी पेपर गेला की तो पेपर फुकट गेला, परत दुसरीकडे देता येत नाही आणि बायोडेटात कायम दिसत राहतो.

आधी यूजीसी-केअरची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नलची यादी बघायचो, ती 2018 मध्ये सुरू करायचं ठरलं होतं, पण 2025 च्या फेब्रुवारीत यूजीसीने ती बंद केल्याचं जाहीर केलं आणि जर्नल तपासायची जबाबदारी कॉलेज-विद्यापीठांवर आणि आपल्यावर आली. म्हणून 'केअर लिस्टेड' असं अजूनही मिरवणाऱ्या वेबसाइटपासून सावध राहा. बघायचं काय, तर संपादक मंडळातली नावं खरी आहेत का, त्यांच्या कॉलेजच्या पानावर जाऊन बघा, एखाद्याला मेल टाकून विचारलं तरी चालतं. फी किती आणि कधी, हे आधी उघड लिहिलंय का. रिव्ह्यूची पद्धत लिहिली आहे का. कोप नावाची संस्था आहे, 1997 पासून प्रकाशनातल्या नीतिमत्तेवर काम करते, जर्नल सांगतं की आम्ही कोपचे सदस्य, तर कोपच्या साइटवर जाऊन नाव शोधा. मोफत वाचायला मिळणारं जर्नल असेल तर डीओएजे यादीत बघा. आयएसएसएन नंबर असला म्हणजे दर्जा आहे असं नाही, तो नुसता ओळख क्रमांक आहे. आणि खऱ्या जर्नलच्या नावाने हुबेहूब खोटी साइट पण असते, लिंक मेसेजमधून उघडू नका, स्वतः शोधून जा.

घाईचं एक कारण असतं पीएचडीची अट. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत थिसिस जमा करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढलेली आहे. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची काही अट ठेवली आहे का ते रिसर्च सेक्शनला विचारा, वरच्या वर्गातल्या दादाने सांगितलं म्हणून पंधराशे रुपये भरू नका.

कॉलेजच्या स्वतःच्या जर्नलबद्दल पण बोलते. आपल्याकडे बऱ्याच संस्था वर्षातून एकदोनदा अंक काढतात, संपादक आपलेच सर, रिव्ह्यूअर शेजारच्या कॉलेजचे ओळखीचे. ते वाईटच असतं असं मला वाटत नाही, अहिराणी लोकगीतं, तापीकाठची गावं, इथली बोली, यावर लिहिलेलं दिल्ली-मुंबईचे जर्नल घेतीलच असं नाही, आणि ते छापलं पाहिजे. पण मग नियम कडक पाहिजेत. संपादकाचा स्वतःचा पेपर असेल तर तो दुसऱ्या संपादकाने हाताळायचा, त्याचा निर्णय होईपर्यंत मूळ संपादकाने रिव्ह्यूअर कोण हे बघायचं सुद्धा नाही, आणि छापताना खाली तसं लिहायचं. विद्यार्थ्याचा पेपर त्याच्याच गाईडने तपासायचा नाही. तुमच्या कॉलेजच्या जर्नलमध्ये हे लिहिलेलं नसेल तर लिहून घ्यायला सांगा, एका पानाचं काम आहे.

कॉपी आणि टक्केवारी

यूजीसीचा 2018 चा नियम असा आहे की साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, 10 ते 40 पहिली पातळी, 40 ते 60 दुसरी, 60 च्या वर तिसरी, आणि थिसिसच्या बाबतीत तिसऱ्या पातळीला रजिस्ट्रेशन रद्द. संदर्भसूची, अवतरणं, सामान्य संज्ञा यात धरत नाहीत, आणि सलग 14 शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही नाही. पण सॉफ्टवेअर शब्द मोजतं, चोरी ओळखत नाही. नऊ टक्के आले आणि त्यात दुसऱ्याचा मुख्य निष्कर्ष बिननावाचा असेल तर ती चोरीच. मराठी लेखाचं इंग्रजी करून आपल्या नावाने टाकलं तर सॉफ्टवेअरला कळणार नाही, पण ज्याचं आहे त्याला कळतं. स्वतःचाच आधी छापलेला मजकूर परत वापरायचा असेल तर आधीच्या पेपरचा संदर्भ द्या.

माणसांवर काम असेल तर

सर्व्हे, मुलाखती, रक्ताचे नमुने, काहीही असो, नैतिकता समितीची परवानगी काम सुरू होण्याआधी घ्यायची, नंतर मागची तारीख टाकून मिळत नाही आणि मागूही नये. नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम करणारी मुलं असतात, अक्कलकुवा-धडगावात जातात, मराठीत छापलेला संमतीचा फॉर्म पुढे करतात आणि अंगठा घेतात. समोरच्या बाईला पावरी येते, भिली येते, मराठी अर्धीच कळते, मग ती संमती कसली? तिच्या भाषेत बोलणारं माणूस सोबत न्या, वाचून दाखवा, नाही म्हणायचा हक्क आहे हे सांगा, साक्षीदाराची सही घ्या. आणि पेपरमध्ये पाड्याचं नाव, वय, आजार असं एकत्र लिहू नका, तीस घरांच्या पाड्यात कोण ते लगेच ओळखू येतं.

पाठवताना आणि पाठवल्यावर

एका वेळी एकाच जर्नलला. दोन ठिकाणी टाकून ठेवू, जिथून आधी येईल तिथे, असं चालत नाही, त्यात दोन्हीकडच्या रिव्ह्यूअरचा वेळ वाया जातो. रिव्ह्यूअरची नावं सुचवा म्हटलं तर आपला मित्र, जुना सहलेखक, गाईडचे गाईड यांची नावं देऊ नका, आणि त्यांचा ईमेल संस्थेचाच द्या. 2014 मध्ये व्हायब्रेशन अँड कंट्रोल या विषयाच्या एका जर्नलने खोट्या ईमेल खात्यांवरून झालेल्या रिव्ह्यूमुळे एका झटक्यात 60 पेपर मागे घेतले होते.

थोडं नाव झालं की तुम्हालाच रिव्ह्यूला पेपर येतो. आनंद होतो, मलाही झाला होता. पण लेखक ओळखीचा निघाला, तीन वर्षांत सोबत काम केलेलं असेल, किंवा तो अगदी तुमच्याच विषयावर तुमच्या आधी पोहोचलेला असेल, तर त्याच दिवशी संपादकाला कळवा आणि ते म्हणतील तसं करा. अडवून ठेवू नका. तो पेपर कोणाला दाखवायचा नाही, एआयमध्ये टाकायचा नाही, आणि माझे चार पेपर संदर्भात घाला असं विनाकारण लिहायचं नाही.

छापून आल्यावर चूक सापडली तर? स्वतः सांगा. चूक छोटी असेल तर दुरुस्ती छापतात, निष्कर्षच बदलत असेल तर पेपर मागे घेतात, आणि प्रामाणिक चुकीमुळे मागे घेतला असं कारण त्यात लिहिलेलं असतं. दुसऱ्याने शंका काढली तर कोपच्या पद्धतीप्रमाणे संपादक आधी तुम्हालाच विचारतो, उत्तर समाधानकारक नसेल किंवा उत्तरच नसेल तर संस्थेकडे जातो. म्हणून मेलला उत्तर द्या, गप्प बसल्याने प्रकरण वाढतं.

त्यासाठी फाइल लागते. माझी एक जाड फाइल आहे, तिच्यात शेतातली मूळ वही, चिखलाचे डाग असलेली, औषधाच्या बाटलीच्या लेबलचा फोटो आणि बॅच नंबर, शेतमालक नानांची परवानगीची चिठ्ठी, संपादकांचे सगळे मेल प्रिंट काढून, आणि सगळ्यात वर तो कोरा कागद, आता भरलेला. नवीन प्रयोग सुरू केला की नवीन कागद वर लावते. या वेळच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहिलंय, औषध विकत घेतलं, मामाच्या दुकानातून नाही, पण मामाने दुसऱ्या दुकानदाराला फोन करून भाव कमी करून दिला, बिल सोबत जोडलं आहे.